मामेसासऱ्यांची किनारा सफर

जगातले यच्चयावत गाईड पर्यटकांना माहिती सांगतात. पर्यटकांकडूनच माहिती काढून घेणारा गाईड मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. मामेसासरा म्हणजे बायकोचा सख्खा मामा. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, कराडजवळच्या एका खेड्यात ऊस आणि दोन म्हशी सांभाळून असलेले हे गृहस्थ साठी उलटल्यावर, म्हणजे लोक गुडघ्याला तेल चोळत ओट्यावर बसतात त्या वयात, बॅटरीवर चालणाऱ्या सहा सायकली घेऊन आले. थंडीच्या दिवसांत दर रविवारी सकाळी कराडच्या संगमावरून निघायचं, कृष्णेच्या काठाकाठानं सांगलीच्या अंगाला खाली उतरायचं, वाटेत जो जो कुणी खाऊ घालील ते खायचं, दुपारी एका दोस्ताच्या शेतातल्या मोटारघरात, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या खोलीत, सायकली चार्ज करायच्या आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं, असा हा कार्यक्रम. नाव ठेवलं ‘किनारा सफर’. त्या नावापायी एकदा मुंबईचं एक कुटुंब पोहायचे कपडे आणि वाळूत खेळायची बादली घेऊन संगमावर हजर झालं आणि समुद्र कुठाय म्हणून विचारायला लागलं. मामा जराही डगमगले नाहीत. “पानी हाय, वाळू हाय, होडी हाय, मासा हाय. आनि काय लागतंय किनाऱ्याला? खारटच पायजे आसंल तर मीठ देतो की,” म्हणाले. त्या कुटुंबानं दिवसभर सायकली हाणल्या, पोरांनी बादली भरून बोरं नेली आणि पुढच्या वर्षी पुन्हा आले.

मामांना प्रश्न पडतात. तुम्हाआम्हालाही पडतात, पण आपण ते गिळतो. मामांना गिळताच येत नाही. कराडात माझं औषधांचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी मामा येऊन काउंटरपाशी स्टूल टाकून बसतात आणि मग माझी पाचावर धारण बसते. एकदा एक भला माणूस घाबरत घाबरत आला, आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं चिठ्ठी माझ्या हातात सरकवली. मामांनी ती वरच्यावर वाचली आणि खणखणीत आवाजात विचारलं, “मूळव्याध व्हय? रक्ताची का मोडाची?” मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पण तो माणूस शेजारच्या पोत्यावर बसला आणि अर्धा तास आपली कर्मकहाणी सांगत राहिला. जाताना म्हणाला, “एवढं डाक्टरनीबी इचारलं न्हवतं बगा.” मामांच्या प्रश्नांत ही एक गंमत आहे. ते खवचटपणे विचारत नाहीत, उत्तर माहीत असताना विचारत नाहीत, आणि उत्तर मिळालं की ते कुठं नेऊन लावतही नाहीत. त्यांना नुसतं कळून घ्यायचं असतं. एसटीच्या कंडक्टरला तिकिटं संपली तर काय करता, भटजींना एकाच मुहूर्ताला दोन लग्नं आली तर काय करता, गवंड्याला स्वतःचं घर कधी बांधणार, असं त्यांचं अखंड चालू असतं. माझ्या मुलीच्या कॉलेजचे प्राचार्य एकदा रस्त्यात भेटले तर मामांनी त्यांना विचारलं, “साहेब, तुमी शाळंत असताना कदी नापास झाला हुता का?” आणि काय आश्चर्य, ते झाले होते! मग दोघं उसाच्या रसाच्या गाड्यावर जाऊन बसले.

तर अशा माणसाच्या हाती पर्यटक सापडल्यावर काय होणार? सफर सुरू होते ती फौजी थाटात. शिट्टी वाजते, “लाइन में!” असा पुकारा होतो, सायकली एकामागं एक उभ्या राहतात. इतपत शिस्त. पहिला गुऱ्हाळाचा धूर दिसला की शिस्त संपली. गुऱ्हाळावर गरम काकवी, त्यात बुडवायला शिळी भाकरी, आणि मामा गुळव्याला, म्हणजे कढईपाशी उभं राहून गुळाचा पाक ओळखणाऱ्या त्या माणसाला, विचारणार की बाबा रे, तुझ्या घरात चहात गूळ टाकता का साखर? (साखर.) पुढं एका गावात आप्पा म्हणून एक म्हातारे जैन शेतकरी आहेत. त्यांच्याकडं पोहे, भाजलेल्या शेंगा आणि गूळ ठरलेला. एका सफरीत मामांनी तोंडात शेंगा टाकता टाकता विचारलं, “आप्पा, बटाटा जमिनीखाली असतोय म्हणून तुमी खात न्हाई. मग शेंगा काय झाडाला लागत्यात व्हय?” आम्ही सगळे गार पडलो. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “सुभेदार,” ते म्हणाले, “शेंग वाळवल्याबिगर आमी खात न्हाई, त्यात जीव ऱ्हात न्हाई. पर एवढा सवाल मला माज्या नातवानंबी केला न्हाई. बसा, आनि पोहे घ्या.” आता कुणी नवीन आलं की आप्पा मामांच्या आधी स्वतःच हा प्रश्न सांगतात.

आणि या सगळ्या रस्त्यानं मामा पर्यटकांना विचारत असतात. तुमची आई कुठं असती? एकटी का? जेवायला कोण करतंय? तुमी दोघं भांडला की आदी कोण बोलतंय? माणसं सुरुवातीला अवघडतात. दुसऱ्या गावापर्यंत सैल होतात. तिसऱ्या गावापर्यंत, हातात भाजलेलं कणीस आणि बुडाखाली आपोआप पळणारी सायकल, अशा अवस्थेत अशी काही बोलायला लागतात की मीच संकोचून पुढं निघून जातो. कुठल्या देवळाला किती वर्षं झाली हे विचाराल तर मामा म्हणतात, “पाटी हाय, वाचा की.”

काठावरच्या प्रत्येक गावात मामा थांबतात. बांधावरून कुणी “आवं सुभेदार, च्या तरी घ्या” म्हटलं की ब्रेक दाबलाच. फक्त एक गाव ते टाळतात. मोटारघराच्या अलीकडं, नदीला अगदी चिकटून एक गाव आहे. काठाचा रस्ता त्या गावातल्या पहिल्याच घराच्या दारावरून जातो. तिथं आलं की मामा शिट्टी मारून सगळ्यांना डावीकडं वळवतात, उसातून, बांधाबांधानं, मोठा वळसा घालून पलीकडं काढतात. कुणी विचारलंच तर “तिकडनं रस्ता वंगाळ हाय” म्हणतात. रस्ता चांगला डांबरी आहे. ते पहिलं घर माझ्या सासूबाईंचं, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीचं आहे, आणि त्या घराचा उंबरा मामांनी वीसेक वर्षांत ओलांडलेला नव्हता. त्याला कारण माझं लग्न.

आमच्याकडं अंतरपाट धरला की भटजी लाउडस्पीकरवरून पुकारतात, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.” माझ्या लग्नातही पुकारलं. एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं. मी पाटावर उभा, हातात हार, डोक्यावर बाशिंग, भर उन्हात कपाळावरून घाम डोळ्यांत उतरतोय. मामांचा पत्ता नाही. पलटणीतून सुट्टी काढून निघाले होते, सकाळच्या गाडीनं कराडला उतरल्याचं कळलं होतं, दोस्ताची मोटारसायकल घेऊन निघाल्याचंही कळलं होतं. आणि मग कुणीतरी येऊन सांगितलं की तुमचा मामा वाटेत नदीवर पाणबुडे बघत बसलाय. उपसा योजनेची जॅकवेल असते, नदीचं पाणी वर उचलणारी ती मोठी विहीर; तिच्या तोंडात गाळ अडकला होता आणि तो काढायला पाणबुड्या उतरला होता. मांडवात हशा पिकला. सासूबाई हसल्या नाहीत. आतून रडण्याचा आवाज येत होता, तो माझ्या होणाऱ्या बायकोचा. मामा येईपर्यंत मी उठणार नाही म्हणत होती. शेवटी मुहूर्त टळायला आला तेव्हा एका चुलत मामाला उभं केलं आणि अक्षता पडल्या. पंगती बसल्यावर मामा आले. गुडघ्यापर्यंत भिजलेले, हातांना माती. सासूबाईंनी त्यांच्याकडं एकदाच पाहिलं. “झाली का जगाची चौकशी? आता मी बोलवीन तवाच माज्या दारात ये,” एवढं म्हणाल्या आणि वाढायला निघून गेल्या. मामा आले तसे परत गेले.

आता यात अवघड काय होतं ते बघा. मामा म्हणणार, बोलावल्याबिगर यायचं नाही असा हुकूम आहे, मी हुकमाबाहेर कसा जाऊ? सासूबाई म्हणणार, सख्ख्या भावाला काय अक्षत देऊन बोलवायचं असतं? आणि मधल्या मधे माझं भजं झालं. भाऊबीजेला मामा साडी आणून माझ्या दुकानात ठेवणार, “पोचवा जावईबापू.” मी ती घेऊन गेलो की सासूबाई म्हणणार, “ठेवा तिथं,” आणि पंधरा मिनिटांनी चकल्यांचा डबा पुढं करणार, “ज्यानं साडी दिली त्याला द्या.” साडी कुणाची आणि डबा कुणाला, हे दोघांच्या तोंडून कधी निघालं नाही. मामा डबा उघडून एक चकली तोंडात टाकायचे आणि मला विचारायचे, “औंदा भाजणीत धनं जास्त पडल्यात का हो?” आता मला काय माहीत! पण त्यांना उत्तर नको असायचं. सासरे वारले तेव्हा मामा नदीकाठी गर्दीच्या शेवटी उभे होते आणि सगळे घराकडं वळले तेव्हा ते दुसरीकडं वळले. माझा स्वभाव तसा तापट आहे. मी बायकोला कितीदा म्हटलं की या दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घालायला पाहिजे. ती म्हणायची, “कोंडून काय होणार? दोघं भिंतीकडं तोंड करून बसतील.”

गेल्या पौषातली गोष्ट. त्या रविवारी सफरीत पुण्याचं एक तरुण जोडपं होतं, आणि जागा होती म्हणून आम्ही दोघं नवराबायकोही निघालो होतो. त्या जोडप्यातल्या मुलीचं नाव मुग्धा. ती एका कंपनीत नोकरीला येणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायचं काम करायची. मामांनी हे ऐकलं मात्र, त्यांचा आनंद गगनात मावेना. “म्हंजी पगार घेऊन प्रश्न इचारता तुमी? आनि आमी आयुष्यभर फुकट इचारलं!” गुऱ्हाळापासून आप्पांच्या घरापर्यंत दोघांची नुसती जुगलबंदी चालली होती. माणूस खोटं बोलतो ते कशावरून कळतं, असं मामांनी विचारलं. मुग्धा म्हणाली, “जे विचारलं नाही त्याचं उत्तर आधी द्यायला लागतो त्यावरून.” मामांनी हे मनावर घेतलं आणि ते वाक्य दोनदा घोकलं.

दुपारच्या सुमाराला आम्ही वळसा घालून मोटारघरापाशी पोचलो तेव्हा काळ्या मातीच्या पाणंदीनं सगळ्या बॅटऱ्यांचा जीव काढला होता. मामांनी कुलूप काढलं, चार्जर लावले, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. शेतीची लाईट आमच्याकडं पाळीपाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तो आठवडा रात्रीचा होता. मामा फ्यूजकडं बघत उभे राहिले. “दिवसाची पाळी हाय आसं वाटलं हुतं,” ते म्हणाले. बॅटरी संपलेली ही सायकल म्हणजे नुसतं लोखंड. ती परत कराडपर्यंत पायानं हाणणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. गावठाणात लाईट चोवीस तास असते. आणि जवळचं गाव कुठलं, हे सांगायची गरज नव्हती. मामांनी पलीकडच्या गावाचं नाव काढलं. ते तासभर चालीवर होतं. मुग्धाचा नवरा एका दगडावर बसला आणि त्यानं बूट काढले. माझ्या बायकोनं पदर खोचला, सायकल वळवली आणि म्हणाली, “मी माझ्या आईकडं निघाले. ज्याला यायचंय त्यानं यावं.” आम्ही निघालो. मामा सगळ्यात मागं, स्वतःची आणि मुग्धाच्या नवऱ्याची अशा दोन सायकली दोन हातांनी ढकलत.

सासूबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. इतकी माणसं बघून उठल्या, गूळपाणी आणलं, पुण्याच्या पाहुण्यांना घोंगडं अंथरून बसवलं, लेकीला म्हणाल्या, चार्जर माजघरातल्या बोर्डाला लाव. मामा फाटकाबाहेर उभे होते, पाय जुळवून, पहाऱ्यावर असल्यासारखे. मग सुरू झालं.

“जावईबापू,” सासूबाई मला म्हणाल्या, “त्यास्नी म्हणावं, माज्या अंगणातनं सायकली चोरीला जात न्हाईत. पहारा कशाला?”

फाटक काही कोसावर नव्हतं, मामांना शब्द न् शब्द ऐकू आला होता. तरी मी जाऊन सांगितलं. वीस वर्षांची सवय.

“जावईबापू, त्यास्नी सांगा,” मामा समोर बघत म्हणाले, “बोलावल्याबिगर आत यायचं न्हाई, आसा हुकूम हाय.”

“हुकूम कुनाचा म्हणावं?”

“त्यांचाच म्हणावं.”

“मग जेवायला ताट फाटकावर पाठवू का, इचारा.”

“फौजेत उभ्यानं जेवलोय, सांगा.”

मी तीनदा गेलो, तीनदा आलो. शेवटी मी भडकलो. “मी काही पोस्टमन नाही!” म्हणून ओट्यावर जाऊन बसलो. सासूबाई आत गेल्या. चुलीवर वांगी टाकली असावीत, कारण कृष्णाकाठच्या वांग्याचा तो भाजका वास सगळ्या अंगणात पसरला. आणि मग भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. मामा फाटकाबाहेर आणि वास फाटकाच्या आत-बाहेर. दिवसभर ज्यानं एक मिनिट तोंड मिटलं नव्हतं, तो माणूस एक प्रश्न विचारायला तयार नव्हता.

मुग्धा उठली. तिनं आपला गुळाचा खडा संपवला, फाटकापाशी गेली आणि ज्या सुरात मामांनी सकाळपासून तिला शंभर गोष्टी विचारल्या होत्या त्याच सुरात विचारलं, “मामा, तुम्ही आत का येत नाही?”

मामांनी लग्नाचं सांगितलं, दोन वाक्यांत. आम्हाला वाटलं ती ओशाळेल. ती कसली ओशाळते! “मग त्या दिवशी नदीवर तुम्ही इतका वेळ काय करत होता?”

मी ओट्यावर सरसावून बसलो. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. आम्हाला दोघांनाही एकदमच कळलं की हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी नाही, तिनं नाही, सासूबाईंनी नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं ना, मामा पाणबुडे बघत बसले होते म्हणून.

मामांनी घसा खाकरला. “बघत न्हवतो. धरून बसलो हुतो.”

“काय धरून?”

“दोरी.” त्यांनी हात पुढं केले, जणू ती अजून हातातच होती. “जाताना दिसलं, काठावर दोगंजन हायत. एक खाली गेला, एक वर दोरी धरून. मी गाडी थांबवली. म्हटलं दोनच प्रश्न इचारू. खाली त्याला दिसतंय का? बोलायचं झालं तर कसं बोलतोय? त्यो म्हणला, एक झटका दिला की ठीक हाय, दोन दिलं की वर वढा. मग मी आजून इचारलं. त्यो वैतागला आसंल. म्हणला, एवढं इचारताय तर जरा धरा की, मी तंबाकू घेऊन येतो. आनि दोरी दिली माज्या हातात आनि गेला. आला न्हाई की लवकर. तिकडं मांडवात वाजंत्री वाजाय लागली, मला ऐकू येत हुती. भटजी पुकारत हुता तेबी ऐकू आलं. पर दोरीच्या खालच्या टोकाला मानूस. सोडू कसा?”

आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता. मला तो कधी थांबला ते कळलं नव्हतं. सासूबाई दारात उभ्या होत्या, कोपरापर्यंत पीठ, आणि पहिल्यांदाच सरळ भावाकडं बघत होत्या.

“त्यो वर आला का?” त्यांनी विचारलं.

मामा गडबडले. इकडंतिकडं बघायला लागले, मला शोधत. मी मुद्दाम जागचा हललो नाही.

“आला की,” ते म्हणाले. “आलाच की, आक्का.”

“जित्ता?”

“जित्ता. वर आला आनि पयलं बिडी मागितली.”

सासूबाईंनी श्वास सोडला. त्या पाणबुड्याचं कधी नावही त्यांना ठाऊक नव्हतं, आणि वीस वर्षांनी त्या त्याच्यासाठी दारात श्वास धरून उभ्या होत्या. तेव्हा मला कळलं की हा प्रश्नांचा रोग एकट्या मामांचा नाही, घराण्याचाच आहे. फक्त सासूबाईंनी तो दाबून ठेवला होता. मग त्यांचा आवाज चढला. “आनि मुडद्या, हे तवाच सांगाया तुजी जीभ झडली हुती का?”

“तू इचारलंच न्हाईस,” मामा म्हणाले. “आनि सांगून काय व्हनार हुतं? दोरी हातात आली ती माज्या चौकशीपायीच ना? मी गपगुमान पुढं आलो आसतो तर दुसऱ्या कुनी धरली आसती.”

सासूबाई पदराच्या टोकानं डोळे पुसायला गेल्या तर पीठ गालाला लागलं. “बाळ्या,” त्या म्हणाल्या, “आत ये. भाकरी करपती.”

साठी उलटलेले सुभेदार बाळ्या होऊन आत गेले. चपला मात्र फौजी शिस्तीत जोडून उंबऱ्याबाहेर ठेवल्या. माझ्या बायकोनं त्यांचा हात धरून त्यांना माजघरात आणलं; मला वाटतं, लग्नातलं ते येणं तिनं त्या दिवशी उलट बाजूनं वसूल केलं. भरीत, भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, ताक. मुग्धाच्या नवऱ्यानं बूट काढल्याचं सार्थक झालं. चार भाकऱ्या खाल्ल्या त्यानं. आणि मामांचं काय विचारता, बांध फुटला. वीस वर्षांचे साठलेले प्रश्न. परसातली चिंच कवा पाडली? ती कपिला गाय किती वेतं व्याली? खर्ड्यात शेंगदाणं कुटून घालतीस का भरडून? सासूबाई प्रत्येकाला उत्तर देत होत्या आणि वाढत होत्या. मग मामांचा घास मधेच थांबला. खालच्या आवाजात म्हणाले, “दाजींना शेवटी लय तरास झाला का गं?”

“झाला,” सासूबाई म्हणाल्या. “दिस जाता जात न्हवता त्यांचा. तू आसतास तर काय काय इचारत बसला आसतास, तेवढीच करमणूक झाली आसती.” मामांनी मान खाली घातली. मग सासूबाईंनीच त्यांच्या ताटात आणखी भरीत वाढलं.

सायकली चार्ज व्हायला दुपार गेली. निघताना सासूबाई फाटकापर्यंत आल्या. “आता परत कवा?” त्यांनी विचारलं. मामा उगाच घंटी वाजवून बघत राहिले.

“बॅटरी संपली की,” ते म्हणाले.

“मग बेतानंच भरत जा,” सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेव्हापासून सफरीचा रस्ता सरळ झाला आहे. उसातला वळसा बंद. मोटारघराचं कुलूप गंजलं असेल, कारण लाईट दिवसाची असो की रात्रीची, बॅटऱ्या हटकून सासूबाईंच्याच दारात संपतात. मामा आसपासच्या सगळ्या गावांच्या लाईटच्या पाळ्या झोपेत सांगतात. शेजारपाजारचे शेतकरी त्यांना फोन करून विचारतात. त्या रविवारी नेमकी पाळी त्यांनी कशी चुकवली, हे मला अजून उमगलेलं नाही. दुकानात स्टुलावर बसलेले असतात तेव्हा कितीदा जिभेवर येतं. पण मी विचारत नाही. सासूबाईंचंही वय झालंय, हल्ली भाकरी थापताना मधे मधे हात थांबतो त्यांचा, आणि या दोघांचे किती रविवार बाकी आहेत कुणास ठाऊक.

मात्र त्या दिवशी परत येताना मामांनी मला एक प्रश्न विचारला. ऊन उतरलं होतं, नदीवर सावल्या लांबल्या होत्या. बायको आणि पाहुणे पुढं निघून गेले होते. मामा माझ्याशेजारून सायकल चालवत होते.

“जावईबापू,” ते म्हणाले, “अंतरपाटामागं लय वेळ उभं ऱ्हावं लागलं का हो तुमाला?”

वीस वर्षं मी ही कहाणी ज्याला त्याला रंगवून सांगत आलोय. डोळ्यांत उतरलेला घाम, भटजींचा बसलेला आवाज, भरून आलेल्या पोटऱ्या. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते पुढं रस्त्याकडं बघत होते, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून.

“छे हो मामा,” मी म्हणालो. “लगेच झालं सगळं.”